अंतरपाट आणि अवगुंठन

काशीतील लग्नसराईच्या दिवसांत दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि पंचगंगेच्या परिसरातून हिंडणाऱ्या प्रवाशाच्या कानांवर दोन निरनिराळ्या प्रकारचे सूर पडतात. एखाद्या वाड्यातून मंगलाष्टकांची परिचित लय ऐकू येते आणि शेवटी ‘सावधान’ हा शब्द उंच स्वरात उमटतो. तेथून दोन गल्ल्या ओलांडल्या, की भोजपुरी स्त्रीगीतांचे सूर भेटतात; मांडवात बसलेल्या वधूचा चेहरा लाल किंवा पिवळ्या वस्त्राआड असतो आणि तिच्या जरीच्या काठाखालून फक्त हनुवटी दिसते. दोन्ही घरी लग्नच चालू आहे. दोन्ही ठिकाणी एक वस्त्र त्या सोहळ्याच्या केंद्रस्थानी आहे. परंतु एका घरी ते दोन माणसांच्या मध्ये धरलेले आहे, तर दुसऱ्या घरी ते एकाच माणसाच्या मस्तकावरून ओढलेले आहे. पहिल्याला मराठी माणूस अंतरपाट म्हणतो. दुसऱ्याला संस्कृतात अवगुंठन हे नाव आहे आणि लोकभाषेत घूंघट.

लग्नातील या वस्त्राचा इतिहास म्हणजे केवळ वेशभूषेचा इतिहास नव्हे. कोणी कोणाला पाहावे, केव्हा पाहावे आणि कोणाच्या अनुज्ञेने पाहावे, या प्रश्नांना समाजाने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा तो इतिहास आहे. ती उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहावयाची, तर काशीसारखे दुसरे स्थळ मिळणे कठीण.

प्रथम अंतरपाटाचाच विचार करू. विधी मराठी श्रोत्यांच्या परिचयाचा आहे. वधूवर समोरासमोर उभे राहतात. दोघांच्या मध्ये एक नवे पांढरे वस्त्र दोन्ही बाजूंनी दोघे जण धरतात. त्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलेले असते. वधूला तिचा मामा बोहल्यावर आणतो. मंगलाष्टके म्हटली जातात, प्रत्येक अष्टकाच्या अखेरीस अक्षता पडतात, आणि नेमक्या घटकेला ते वस्त्र बाजूला होऊन दोघांची दृष्टादृष्ट होते. ही नेमकी घटका साधण्यासाठी पूर्वी घटिकापात्र मांडीत असत. पाण्यावर तरंगणारी तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र. वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे आजची चोवीस मिनिटे, पूर्ण झाली. साऱ्या मांडवाचे लक्ष त्या बुडणाऱ्या वाटीकडे आणि त्या ताणलेल्या वस्त्राकडे लागलेले असे.

धर्मशास्त्रात या विधीला ‘परस्परसमीक्षण’ असे नाव आहे. या नावातच त्याचे मर्म आहे. वराने वधूला पाहावे असे त्यात म्हटलेले नाही; दोघांनी एकमेकांना पाहावे, असे म्हटले आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा दुसरा खंड १९४१ साली प्रसिद्ध केला, त्यात विवाहाच्या विधींची जी क्रमवार यादी दिली आहे तिच्यात हा विधी आहे. अंतरपाटाची चाल केवळ महाराष्ट्रापुरती नाही. गुजरात, कर्नाटक आणि आंध्र या प्रदेशांतही वधूवरांच्या मध्ये असे वस्त्र धरण्याची रीत आहे. अंतरपाटाचा प्रदेश बव्हंशी पश्चिम आणि दक्षिण भारताचा, तर वधूच्या मुखावरील अवगुंठनाचा प्रदेश बव्हंशी उत्तरेचा.

असे असता अंतरपाट गंगेच्या तीरी कसा आला? त्याचे उत्तर महाराष्ट्र आणि काशी यांच्या जुन्या ऋणानुबंधात आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या भट्ट घराण्यातील रामेश्वरभट्ट काशीस येऊन राहिले. १५१३ साली जन्मलेले त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी पुढे विवाहादी संस्कारांच्या विधींवर ‘प्रयोगरत्न’ हा ग्रंथ रचला. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधू’ पूर्ण केला. तिथी आणि मुहूर्त यांविषयी शंका आली की महाराष्ट्रातील शास्त्रीमंडळी ज्या ग्रंथाकडे वळत आली, तो हाच. याच घराण्यातील विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट यांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. तेव्हा कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या खेड्यात अंतरपाट धरण्याची घटका ठरविण्यासाठी ज्या ग्रंथाचा आधार घेतला जाई, तो ग्रंथ काशीच्या गल्लीत बसलेल्या एका दक्षिणी पंडिताने लिहिलेला असे. महाराष्ट्रातून माणसे काशीस गेली आणि काशीहून ग्रंथ महाराष्ट्रात आले. माणसांबरोबर गेलेला अंतरपाट काशीच्या दक्षिणी घरांतून टिकून राहिला.

आता काशीच्या मूळ रहिवाशांच्या लग्नाकडे वळू. तेथे वराच्या मस्तकी मौर असतो आणि त्याच्या पुढे लोंबणाऱ्या झालरींनी त्याचाही चेहरा थोडाबहुत झाकला जातो. आपल्या मुंडावळ्यांशी त्याचे नाते उघड आहे. परंतु वधूचे झाकणे याहून फार निराळे. संपूर्ण विधीभर तिचे मुख वस्त्राआड असते. सिंदूरदानाच्या वेळी, म्हणजे वर तिच्या भांगात शेंदूर भरतो त्या क्षणी, दोघांभोवती आणखी एक चादर धरण्याची रीत आहे. लग्न लागून ती सासरी आली, की ‘मुंह दिखाई’ होते. सासरच्या बायका एकेक करून पुढे येतात, घूंघट वर उचलून नव्या सुनेचे मुख पाहतात आणि तिच्या हाती दागिना किंवा रुपये ठेवतात. या रीतीत वात्सल्य नाही असे कोण म्हणेल? तथापि येथे पाहणारे पुष्कळ आहेत आणि जिच्याकडे पाहावयाचे ती एकटी आहे. खाली वळलेले नेत्र हे तिच्या कुलीनतेचे लक्षण मानले जाते. तिने कोणाकडे पाहावे, हा प्रश्नच तेथे उपस्थित होत नाही.

येथे मराठी माणसाने फार फुशारून जाण्याचे कारण नाही. आपल्याकडील ‘सूनमुख’ हा विधी याच जातीचा आहे. त्यात सासू सुनेचे मुख आरशात पाहते. फरक इतकाच, की आरशात दोघींची मुखे एकदम दिसतात. काशीत याहूनही जवळचे एक उदाहरण आहे. तेथील मुसलमान घरांतील लग्नात ‘आरसी मुसहफ’ नावाचा विधी करीत असत आणि अनेक घरी अद्याप करतात. वधूवरांच्या डोक्यांवर एक ओढणी धरतात, पुढे पवित्र कुराण आणि एक आरसा ठेवतात, आणि दोघे प्रथमच एकमेकांचे मुख त्या आरशात पाहतात. एकाच नगरीत तीन समाज; वस्त्र तिघांकडे आहे आणि प्रथमदर्शनाचे महत्त्वही तिघांना सारखेच वाटते. त्यातही अंतरपाट आणि आरसी मुसहफ या दोन रीतींत दर्शन परस्परांचे आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अवगुंठनाची ही चाल भारतात किती जुनी असावी? अगदी प्राचीन काळी ती नसावी, असे मानण्यास सबळ आधार आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील विवाहसूक्तात जमलेल्या सर्वांना आवाहन केले आहे, की ही मंगल वधू आहे, या, हिला पाहा आणि आशीर्वाद देऊन मग घरी जा. वधूचे मुख झाकलेले असते, तर या निमंत्रणाला अर्थच उरला नसता. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात सीता लोकांसमोर येते त्या प्रसंगी राम सांगतो, की संकटकाळी, युद्धात, स्वयंवरात, यज्ञात आणि विवाहात स्त्रीचे दर्शन होणे दोषास्पद नाही. भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकातही हाच विचार आला आहे. वनवासाला निघालेल्या सीतेला राम अवगुंठन दूर करण्यास सांगतो, कारण नगरजनांना तिला डोळे भरून पाहावयाचे आहे. या दोन्ही ठिकाणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. राजकुलातील स्त्रियांनी मुख झाकण्याची रूढी तोपर्यंत आलेली होती. परंतु विवाह हा त्या रूढीला अपवाद होता. पुढील काळात झाकण्याचा मुख्य प्रसंग म्हणून ज्या विवाहाकडे पाहिले जाऊ लागले, तोच विवाह एके काळी न झाकण्याचा प्रसंग होता!

हे परिवर्तन हळूहळू झाले. पाणिनीच्या व्याकरणात ‘असूर्यंपश्या’ हा शब्द सिद्ध करणारे सूत्र आहे. सूर्यालाही न पाहणारी, असा त्याचा अर्थ. आणि पाणिनीवरील ‘काशिका’ वृत्तीने त्याचे उदाहरण दिले आहे ते राजस्त्रियांचे. शेतात राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या आणि बाजारात बसणाऱ्या स्त्रीला सूर्य टाळणे शक्य नव्हते. म्हणजे झाकलेले मुख हे प्रथमतः धर्माचे चिन्ह नसून दर्जाचे चिन्ह होते. याचा सर्वांत बोलका पुरावा ‘मृच्छकटिक’ नाटकात सापडतो. देवलांच्या रूपांतरामुळे हे नाटक मराठी रसिकांच्या घरचेच झाले आहे. मूळ संस्कृत नाटकाच्या अखेरच्या अंकात गणिका वसंतसेनेला ‘वधू’ हे पद बहाल होते, आणि ते पद मिळाले याची खूण म्हणून शर्विलक तिला अवगुंठन घालतो. त्याआधी मदनिका दास्यातून सुटते तेव्हाही हीच खूण येते. वस्त्र मस्तकावर आले आणि गणिका कुलवधू झाली. कालिदासाच्या शाकुंतलात याची दुसरी बाजू दिसते. दुष्यंताच्या दरबारी शकुंतला अवगुंठन घेऊन उभी आहे. राजाने ओळखावे म्हणून गौतमी ते दूर करते, आणि तरीही राजा ओळखीत नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांच्या शाकुंतलाने मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला, तेव्हापासून मराठी प्रेक्षकांनी हा प्रसंग अनेकवार पाहिला आहे. वस्त्र दूर केल्याने मुख दिसते, पण माणूस दिसेलच असे नाही, हे त्या प्रसंगाचे सार आहे.

सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षाची बहीण राज्यश्री हिच्या लग्नाचे वर्णन केले आहे. त्यात वधूचे मुख लाल वस्त्राने झाकलेले आहे. आजच्या उत्तर भारतीय वधूचे हे जणू पहिले चित्रच. परंतु हीच राज्यश्री पुढे भावाच्या मागे बसून चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याचे धर्मप्रवचन ऐकत असे, असे त्या यात्रेकरूच्या चरित्रात नमूद आहे. म्हणजे लग्नातील अवगुंठन आयुष्यभराचे झालेले नव्हते.

या रूढीला विरोध करणारा एक प्राचीन आवाजही या संदर्भात ऐकला पाहिजे. काशीपासून जवळच असलेल्या सारनाथला ज्या महापुरुषाने पहिला उपदेश केला, त्या गौतम बुद्धाच्या पूर्वायुष्याची कथा ‘ललितविस्तर’ या ग्रंथात आली आहे. त्यात सिद्धार्थाची वधू गोपा सासरच्या वडीलधाऱ्यांसमोरही मुख झाकीत नाही. लोक तिला नावे ठेवतात. तेव्हा ती उत्तर देते, की ज्याचे शरीर, वाणी आणि मन संयमित आहे त्याला मुख झाकण्याची गरज काय; आणि ज्याचे मन उघडे पडले आहे त्याने हजार वस्त्रे घेतली तरी उपयोग काय. सासरा शुद्धोदन तिच्या या उत्तराने प्रसन्न होतो. नववधूने भरल्या घरात असे बोलावे आणि ते ग्रंथकाराने आदराने नोंदवावे, याचा अर्थ हा वाद त्या काळी जिवंत होता.

हे विखुरलेले पुरावे एकत्र करून त्यांचा सुसंगत इतिहास मांडणाऱ्यांत एका मराठी पंडिताचे नाव अग्रभागी आहे, आणि ते कार्यही काशीतच झाले. कोल्हापूरकडील म्हाकवे या गावी १८९८ साली जन्मलेले डॉ. अनंत सदाशिव आळतेकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्राचीन भारतीय इतिहासाचे प्राध्यापक होते. हिंदू संस्कृतीतील स्त्रियांच्या स्थानाविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३८ साली बनारसहून प्रसिद्ध झाला. पडद्याची चाल इसवी सनाच्या आरंभापूर्वी जवळजवळ अज्ञात होती, नंतर काही राजघराण्यांत ती आली, आणि सर्वसामान्यांत तिचा प्रसार मध्ययुगात झाला, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या काही निष्कर्षांना नंतरच्या अभ्यासकांनी मुरड घातली आहे. मध्ययुगातील प्रसाराला केवळ परक्या सत्तेचे कारण देणे पुरेसे नाही, वरच्या थराचे अनुकरण करून आपला दर्जा वाढविण्याची खालच्या थराची धडपडही त्यामागे होती, असे ते दाखवितात. परंतु ज्या नगरीच्या गल्लोगल्ली घूंघट सनातन मानला जात होता, त्याच नगरीत राहून तो सनातन नाही हे प्रमाणांनिशी सांगणे, हे काम त्या काळी सोपे नव्हते.

दर्जाचे चिन्ह म्हणून मुखावर वस्त्र घेण्याची ही रीत भारताबाहेरही दिसते. इसवी सनापूर्वी सुमारे अकराशे या काळातील असीरियन कायद्याच्या मृत्तिकापट्टिका सापडल्या आहेत. त्यांत विवाहित स्त्रीने मस्तक झाकून बाहेर पडावे, आणि दासी किंवा वेश्येने तसे केल्यास तिला शिक्षा व्हावी, अशी कलमे आहेत. रखेलीला पत्नीचे स्थान द्यावयाचे असेल, तर पुरुषाने पाचसहा साक्षीदारांसमोर तिला अवगुंठन घालून ही माझी पत्नी आहे असे म्हणावे, असेही त्यांत आहे. वसंतसेनेच्या मस्तकावर वस्त्र घालणारा शर्विलक आणि हा असीरियन पती यांच्यात हजाराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण कृती एकच! प्राचीन रोममध्ये वधू ज्वालेच्या रंगाचे वस्त्र मस्तकावरून घेई. स्त्रीने लग्न करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचे नाते तेथील वैयाकरणांनी ढगाला वाचक असलेल्या शब्दाशी जोडले होते; लग्न करणे म्हणजे ढगाआड जाणे! ग्रीक लोकांत वधूचे मुख प्रथम उघडल्यावर तिला ज्या भेटी देत, त्यांना ‘अनाकालिप्तेरिया’ म्हणजे उघडण्याच्या भेटी असे नाव होते. काशीच्या ‘मुंह दिखाई’चेच हे ग्रीक नाव म्हणावे लागेल. यहुद्यांच्या धर्मग्रंथात याकोबाची कथा आहे: त्याला राहेलशी लग्न करावयाचे होते, पण सासऱ्याने तिची थोरली बहीण लेआ हिला त्याच्या हवाली केले आणि फसवणूक सकाळी उघडकीस आली. यहुदी लग्नात वर आधी वधूचे मुख स्वतः पाहतो आणि मगच तिच्यावर वस्त्र घालतो. या रीतीचा संबंध लोक याच कथेशी लावतात. चीनमध्ये वधूचे लाल आच्छादन वर तराजूच्या दांडीने उचलीत असे.

पांढऱ्या जाळीदार अवगुंठनाची जी पद्धत आज जगभर पसरली आहे, तिला लोकप्रियता मिळाली ती १० फेब्रुवारी १८४० रोजी झालेल्या व्हिक्टोरिया राणीच्या लग्नानंतर. त्या लग्नात राणीने परदेशी जाळी न घेता डेव्हन परगण्यातील कारागिरांनी हाताने विणलेली होनिटन जाळी मुद्दाम घेतली, कारण यंत्राच्या जाळीमुळे तेथील विणकरांची उपासमार होत होती. अवगुंठनाच्या इतिहासातील हा तपशील बहुधा दुर्लक्षिला जातो. वस्त्राखालच्या मुखाची चर्चा पुष्कळ होते, वस्त्र विणणाऱ्या हातांची होत नाही.

काशीत तरी त्या हातांना विसरून चालणार नाही. काशीच्या वस्त्राची कीर्ती घूंघटाहून जुनी आहे. पाली जातककथांत ‘काशिकवत्थ’ म्हणजे उत्तम वस्त्र. पतंजलीने महाभाष्यात म्हटले आहे, की लांबीरुंदी सारखीच असली तरी काशीच्या वस्त्राची किंमत वेगळी आणि मथुरेच्या वस्त्राची वेगळी. पुढे रेशीम आणि कलाबतू यांच्या संगमातून किनखाब आणि जरीच्या साड्या निर्माण झाल्या. मदनपुरा आणि अलईपुरा या मोहल्ल्यांतील मुसलमान अन्सारी विणकरांनी ही कला पिढ्यानपिढ्या जोपासली. नक्शबंद दोऱ्यांच्या जाळ्यात नक्षी बांधी आणि विणकर ती मागावर उतरवी. कढवा पद्धतीत प्रत्येक बुट्टा स्वतंत्रपणे भरतात, म्हणून एकेका साडीला आठवडे, प्रसंगी महिने लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभी जॅकार्ड यंत्र आले, नंतर यंत्रमाग आले, आणि नकली मालाची स्पर्धा सुरू झाली. २००९ साली बनारसी साडी आणि किनखाब यांना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. तरी हातमागावरच्या विणकराची ओढाताण संपलेली नाही. हिंदू वधूच्या मस्तकावरची ओढणी मुसलमान विणकराने विणावी आणि त्याच्या मुलीच्या लग्नातील आरशावरही त्याच मागावरचे वस्त्र धरले जावे, हा काशीच्या जीवनाचा ताणाबाणा आहे.

याच वस्त्राला महाराष्ट्रात आपण ‘शालू’ म्हणतो. बनारसी शालूवाचून थाटाचे मराठी लग्न होत नाही. परंतु गंमत अशी, की काशीत जे वस्त्र वधूच्या मुखावर येते, तेच महाराष्ट्रात आले म्हणजे तिच्या खांद्यावर आणि फार तर मस्तकावर थांबते. अष्टपुत्री नेसून ती अंतरपाटासमोर उभी राहते, नंतर शालू नेसते. पदर डोक्यावर असतो, पण मुख उघडे असते. वस्त्र एकच, मात्र रीतीने त्याला निरनिराळी जागा नेमून दिली आहे.

येथवरच्या विवेचनावरून अंतरपाटाची बाजू वरचढ वाटेल. परंतु विधीतील समानता म्हणजे जीवनातील समानता नव्हे. मराठी परंपरेत एक प्रसिद्ध कथा आहे. जांब गावचा बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा असता ‘सावधान’ हा शब्द ऐकून खरोखरच सावध झाला, मांडवातून पळून गेला आणि पुढे समर्थ रामदास म्हणून विख्यात झाला. ही कथा घरोघरी सांगितली जाते. त्या अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूला जी लहान मुलगी उभी होती, तिचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही. सावध होऊन निघून जाण्याची मुभा एकाच बाजूला होती. कित्येक शतके अंतरपाटाआड आठदहा वर्षांच्या मुली उभ्या राहिल्या. परस्परसमीक्षणासाठी वस्त्र दूर झाले, तरी त्या वयात ती मुलगी काय पाहणार होती?

आणि तिचे दैव फिरले तर तिच्या मस्तकावर दुसरेच एक वस्त्र येई. केशवपन केलेल्या विधवेने नेसावयाचे आलवण हे लग्नातील वस्त्राचे विदारक प्रतिबिंब होते. लग्नात मंगल मानलेले लाल वस्त्र तिला अमंगल ठरवून कपाळापर्यंत ओढावयास लावीत. अशा कितीतरी मराठी स्त्रिया काशीवास करण्यासाठी याच घाटांवर आल्या आणि येथेच राखेस मिळाल्या. ज्या गल्ल्यांत निर्णयसिंधू लिहिला गेला, त्याच गल्ल्यांतून त्या पहाटे गंगास्नानाला जात असत. अंतरपाटाचा गौरव करताना या आलवणाचे स्मरण न ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

काशीतच जन्मलेल्या एका मराठी कन्येच्या आयुष्यात या दोन्ही रीती एकत्र आल्या होत्या. मोरोपंत तांबे यांची मणिकर्णिका १८४२ मध्ये झांशीच्या गंगाधररावांशी विवाहबद्ध होऊन लक्ष्मीबाई झाली. मराठी रीतीची ही वधू उत्तरेच्या दरबारी पडद्याच्या शिष्टाचारात वावरली. १८५४ साली जॉन लँग नावाच्या वकिलाला तिने सल्ल्यासाठी बोलाविले, तेव्हा ती पडद्याआड बसूनच बोलली. बोलणे चालू असता छोट्या दामोदराने पडदा ओढला आणि क्षणभर राणीचे दर्शन झाले. हे सहज घडले की राणीनेच घडविले, हे आपल्याला कधीच कळणार नाही, असे लँगने लिहून ठेवले आहे. तीन वर्षांनी तो पडदा उरला नाही आणि साऱ्या जगाने तिला पाहिले. पडदा असला किंवा नसला तरी त्याची दोरी कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न असतो.

ती दोरी स्त्रीच्या हाती देण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः एकमेकांशी बोलतात, एकमेकांना वचने देतात. स्त्रियांच्या हक्कांची मागणी वधूच्या मुखी येते. दृष्टी परस्परांची होतीच, तिला वाणीची जोड मिळाली. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह करून आलवणाच्या रूढीला आव्हान दिले. त्याबद्दल त्यांना स्वजनांचा बहिष्कार सोसावा लागला. याच कर्व्यांना १९४२ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. विधवांना आश्रय देणाऱ्या नगरीने विधवांना शिक्षण देणाऱ्याचा सत्कार केला, हा इतिहासाने केलेला न्यायच म्हटला पाहिजे. १९२७ साली पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या; मराठा राजघराण्यातील गोषा त्यांनी आधीच सोडला होता. १९२९ चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला आणि विवाहासाठी मुलीचे वय किमान चौदा ठरले. १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीप्रमाणे होणारे विधी मान्य केले. सप्तपदीचा विधी असेल तेथे सातव्या पावलाशी विवाह पूर्ण होतो, असे सांगितले. त्यात अंतरपाट बंधनकारक नाही आणि घूंघटही नाही. कायद्याने वस्त्राला हात लावला नाही. त्याने वस्त्राआड उभ्या राहणाऱ्या मुलीचे वय वाढविले, आणि तेवढ्याने वस्त्राचा अर्थ बदलला.

आज अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले वधूवर बहुधा एकमेकांना चांगले ओळखतात. मग हे वस्त्र धरावयाचे कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. पूर्वी ते दोन अपरिचितांच्या मध्ये होते, तेव्हा त्यातील परस्परसमीक्षण नाममात्र होते. आता ते दोन परिचितांच्या मध्ये आहे आणि आता कोठे ते समीक्षण खरे होऊ लागले आहे. उत्तरेतही अनेक वधू आता जरीची ओढणी मस्तकावर घेतात पण मुखावर ओढीत नाहीत. शालूने महाराष्ट्रात जी मर्यादा पाळली, ती काशीतही हळूहळू रुजत आहे.

लग्नानंतर काशीतील नवविवाहित जोडपी गंगापूजनासाठी घाटावर येतात. दोघांच्या वस्त्रांना गाठ मारलेली असते. गंगेला पिवळे वस्त्र, ‘पियरी’, अर्पण करतात, आणि काही जण नावेतून या तीरापासून त्या तीरापर्यंत फुलांची माळ नेतात. त्याच घाटाच्या पायऱ्यांवर दक्षिणी घरचे एखादे जोडपेही आलेले असते. एकीच्या मस्तकावर बनारसी ओढणी, दुसरीच्या खांद्यावर बनारसी शालू. दोन्ही वस्त्रे कदाचित एकाच मोहल्ल्यात विणलेली असतील. ओल्या पायरीवरून खाली उतरताना पाय घसरू नये म्हणून दोघीही मान वर करून समोर नीट पाहतात.